कोल्ह्याचं सोंग

चकलांबा,
ता. २ ऑगस्ट, शनिवार

चि. सौ. लेकीस आईचे आशीर्वाद.

नाव लिहीत न्हाई. सौ. लिहिलंय, ते दिसलं असंल.

आमी समदे बरे हाव. पाऊस बरा हाय, कापूस गुडघ्याला आला. म्हैस व्याली, रेडा झाला. ह्यांच्या, म्हंजी तुज्या दादांच्या, डोक्यावर केसं परत आले, समदे पांढरे. मी चौथीपस्तोर शिकलेली, अक्षर जसं येतं तसं काढलंय. हसायचं तर हस.

छबुबाई येऊन गेली. बांगड्या भरायच्या निमितानं तिला आत घेतलं. माझा हात दाबत दाबत तिनं कानात सांगितलं, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तर येऊ का, म्हणून तू इचारलंस. त्याचं खाली सांगते. फोन लावायचा न्हाई. हा कागद वाचला की चुलीत घालायचा. तुज्याकडं गॅस असंल तर गॅसवर धर, पर जाळ.

पंचमीला गावातल्या लेकी आल्या. मंजुषा आली, कडेवर पोरगं. लिंबाला झोका बांधला. मला म्हणली, "काकू, चला की झोक्यावर." मी म्हणलं, मला चक्कर येती. चक्कर येत न्हाई. काईच येत न्हाई. पुरणाची दिंडं केली, खाल्ली. गोड होती का अळणी, कळलं न्हाई. तुजे दादा म्हणले, गूळ जास्त झाला. असंल.

तुला ती टीव्हीवरची कोल्ह्याची फिल्म आठवती का? जुनी, बोलणं काई न्हाई, नुसतं पिपाणीवानी वाजायचं. एक मरतुकडा कोल्हा आन त्याच्या मागं तीन शिकारी कुत्री. मी भाकरी थापायची आन तू वरडायची, आई बघ, आता बघ. मी म्हणायची, गप, तेच तेच काय बघती. पर बघितलंय मी समदं. कोल्हा बकऱ्यात लोळतो, कुत्री बकऱ्याला हुंगत बसत्यात. कोल्हा शेपटाचा झुबका तोडून गाडीला बांधतो, कुत्री गाडीमागं पळत्यात. शेवटी तो मरून पडतो, छातीवर फूल घेऊन. मग कुत्री टोप्या काढून रडत्यात आन निघून जात्यात. मग तो एक डोळा उघडतो. तवा तू टाळ्या वाजवायची. तुजे हरिबा तात्याबी तुज्या शेजारी बसून वाजवायचे. सख्खा चुलता, घरात शिकारीची कुत्री पाळणारा माणूस, पर टाळ्या कोल्ह्याला.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांनी तीच कुत्री आणली. ऊस तुटत आला की कडंला उभं राहून ससे धरत्यात, ती. मला म्हणले, "वहिनी, तिच्या अंगावरचं काईतरी द्या." मी तुजी निळी ओढणी दिली. आदल्या राती ती शेरडाखाली अंथरलेली होती. कुत्र्यांनी हुंगली आन सरळ गोठ्यात जाऊन आपल्या त्या शेरडाची तंगडी धरली. तात्या कुत्र्याला म्हणले, "ही पोरगी हाय का बे?" बघणारे हसले. म्हणून तात्या जास्त चिडले.

तुजा मोबाईल मला गव्हाच्या कोठीत सापडला. मी बंद केला न्हाई. उसाच्या टोळ्या निघायचे दिवस होते. फाट्यावर एक ट्रक भरून उभा होता. टोळीत निघालेल्या सावित्रीबाईला निरोप द्यायला गेले आन तिच्या भांड्याच्या पोत्यात खुपसून आले. कुणी खुपसला ते तिला आजून ठाव न्हाई. टोळी कर्नाटकात गेली. तात्याच्या पोरानं, परमेश्वरानं, कुणाला तरी धरून फोन कुठं हाय ते काढलं आन समदे जीप घेऊन उसाच्या फडातनी तुला हुडकत फिरले. तेवढ्यात तुमी जिकडं जायचं तिकडं गेलात.

परत आले तवा तात्यांनी तो मोबाईल माझ्यापुढं ठेवला. म्हणले, "वहिनी, कुणीतरी आमाला फिरवतंय."

मी म्हणलं, "चहा ठिवू का?"

चहा पिता पिता ते काय बोलले ते लिहीत न्हाई. तू त्यांच्या घरची हाईस, तुला म्हाईत. कुऱ्हाड धार लावून आणलेली होती, ती दाराआड उभी केली. तुज्याबरोबर, तू ज्याच्यासंगं गेलीस त्या तानाजीचंबी नाव घेतलं. तुजे दादा खाली बघत होते. मला वाटलं आता हे काईतरी बोलतील.

मग मी म्हणलं, मेली ती. जिती हाय तवर तुमी हुडकणार आन गाव हसणार. मला तिचं तेरावं घालायचंय.

हे मीच म्हणलं. छबुबाईनं तुला सांगितलं असंल की बापानं घातलं. बापानं नुसतं डोकं पुढं केलं न्हाव्याच्या.

फाट्यावर फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो मी दिला, गॅदरिंगमधला, मोरपंखी साडीतला. त्यात तू चांगली दिसतीस. पाऊस लागून आता रंग गेला, साडी तेवढी दिसती. कणकेची बाहुली करायची असती. कणीक मी मळली. शेजारच्या बायका म्हणल्या, आमी करतो, तुमी बसा. त्यांच्या हाताला चव न्हाई. नाक मीच काढलं, बसकं निघालं, तुज्यासारखं. नदीवर जाळली तवा चपाती करपल्यावानी वास आला. मला रडायचं होतं लोकापुढं. आलं न्हाई. पदर तोंडावर घेतला, मग कुणाला कळत न्हाई.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसले, खाली येईनात. ऊन चढलं. तात्या माझ्याकडं बघाया लागले. "वहिनी, कावळा कावून शिवंना?"

लोक कुजबुजाया लागले. महाराज म्हणले, काईतरी इच्छा राहिली असंल पोरीची, बोला.

मी म्हणलं, "भावजी, तिला तुमचं भ्याव होतं. तुमी म्हणा, तिच्या मागं कुणी जाणार न्हाई."

मागनं कुणीतरी म्हणलं, "म्हणा की हरिबा, लोक सकाळपासून उपाशी हायेत." तवा ते पुटपुटले. मी म्हणलं, "मोठ्यानं. तिला ऐकू गेलं पायजे."

मग मोठ्यानं म्हणले. "तिच्या मागं कुणी जाणार न्हाई. माझ्या घरातलं कुणीच न्हाई."

माणसं मागं सरली आन कावळा आला. भूक लागली असंल त्याला. मी तात्याकडं बघितलं तर टोपी काढून उभे, डोळ्याला पाणी. खरं पाणी. तू शेजारी बसून टाळ्या वाजवायची ते त्यांना आठवलं असंल. मला फिल्म आठवली.

कुऱ्हाड ते घेऊन गेले. परवा त्याच कुऱ्हाडीनं आमचं जळण फोडून दिलं. तात्या शब्दाचा माणूस हाय, आन कावळ्यापुढं दिलेला शब्द तर मोडायचेच न्हाईत. पर तो शब्द मेलेलीला दिलाय. जिती पोरगी पोट घेऊन फाट्यावर उतरली तर मग शब्द कुणाला दिलता?

आता तुज्या इचारण्याचं. येऊ नको.

गेवराईलाबी नको, नारायणगडाच्या जत्रंलाबी नको. लांबूनबी बघायला येऊ नको.

बाळंतपण दवाखान्यात कर. पहिल्या दिवसापासून कंबर बांध, कानाला फडकं बांध. गार पाण्यात हात घालायचा न्हाई. त्याला सांग धुणं धुवायला, हात झिजत न्हाईत. बाळाला रोज तेल लाव, नाक चेप, न्हाईतर आपल्यावानी बसकं राहतं. रडलीस तर दूध आटतं, म्हणून रडू नको.

छबुबाईबरोबर डिंकाचे लाडू पाठवते. करताना तुजी काकू इचारायला आली, एवढे लाडू कशाला. म्हणलं, गुडघे दुखत्यात. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुजे दादा गेवराईच्या बाजारातनं खारका आन तूप घेऊन आले. मी सांगितलं नव्हतं. म्हणलं, हे कशाला? म्हणले, "तुज्या गुडघ्याला." आन पिशवी ठेवून म्हशीकडं गेले. आजून त्यावर आमी काई बोललो न्हाई. खारका त्यांनीच फोडून दिल्या.

पोरगी झाली तर छबुबाईच्या हातानं हिरव्या बांगड्या पाठव. पोरगं झालं तर लाल. मी हातात घालीन, कुणी इचारणार न्हाई.

फिल्ममधला कोल्हा डोळा उघडायचा तवा कुत्री लांब गेलेली असायची. हितली शेजारच्या ओसरीवर बसत्यात आन मला वहिनी म्हणून हाक मारत्यात. म्हणून तू डोळा उघडू नको. मी हाय तवर न्हाई, मी गेल्यावरबी न्हाई.

मार्गशीर्षात तुजं वर्षश्राद्ध येतंय. मी करीन. पानात शेंगाची चटणी वाढीन, वांगं करीन बिया काढून, तुला बिया चालत न्हाईत. त्या दिवशी तूबी पोटभर जेव.

तुजं पान वाढणारी,
तुजी आई