टोकावरचा नववा खड्डा

११ मार्च

बाबा गोल्फ क्लबात जाणार! आमचा बाबा!!

जेवताना सांगितलं. बटाटा सोलता सोलता. उद्या वारा सुटणार आहे, असं सांगावं तसं. म्हणाला, "मी क्लबात नाव दिलंय. त्यांचा विचार चाललाय, घेतील नाहीतर नाही."

"त्यांचा विचार? आणि तुझा?"

"माझा झाला."

असं म्हणून बटाटा तोंडात. मी ताट घेऊन उठले आणि पायऱ्यांवर बर्फात बसून जेवले. ढुंगण गारठलं पण त्याच्यासमोर बसणार नाही!

आता सगळं लिहूनच काढते, नाहीतर डोकं फुटेल. गावाच्या टोकावर, जिथे जमीन समुद्रात घुसते, तिथे आमचे लाकडी मांडव होते. आजोबांनी उभे केलेले, कॉड मासे टांगून वाळवायचे. बाबाचा खांदा गेला, बोट विकली, तेव्हा मला म्हणाला होता, "बोट जाऊ दे. मांडव तुझे." शाळेत माझं काही जमलं नाही, पण मासळी टांगायला येते. गावात माझ्याइतकी झटपट कोणी दोन माशांची शेपटीला शेपटी जोडी बांधून दाखवावी! ठरलं होतं माझं — मासळीच्या कारखान्यात दोन हंगाम दुसऱ्यांच्या माशांची मुंडकी तोडायची, मग आपली मासळी आपल्या मांडवावर.

तर हे आले. एलर्ट! दातांचा डॉक्टर, निवृत्त झाला आणि क्लबाचा अध्यक्ष झाला. यांचे खड्डे आठ. आठ खड्ड्यांच्या क्लबाला कुत्रं विचारत नाही, स्पर्धा हव्यात तर नऊ लागतात. नववा कुठे? टोकावर! आणि ओस्लोच्या पाहुण्यांना मासळीचा वास सहन होत नाही. जमीन नगरपालिकेची, तिने देऊन टाकली, मांडव पाडले. क्लबाने सोडली तर परत तुमची, म्हणे. क्लब कशाला सोडतोय!

तेव्हा बाबा त्यांच्या सभेत गेला होता. मीही होते, दाराशी. तो उठून उभा राहिला, टोपी हातात. एलर्ट म्हणाला, "हाल्व्दान, राग मानू नकोस, पण इथे फक्त सदस्यांना बोलता येतं." बाबा खाली बसला. सगळे कॉफी ढवळत राहिले.

त्याच लोकांत आता याला जायचंय.

१२ मार्च

बोलत नाहीये मी त्याच्याशी.

१९ मार्च

बाबाने कोणाच्या तरी माळ्यावरून जुन्या काठ्या आणल्या. पिशवीत उंदराचं घरटं होतं. परसात बर्फावर उभा राहून फिरवतो. एक खांदा वर जातच नाही, त्यामुळे काठी अर्ध्यात अडकते आणि हा स्वतःच गोल फिरतो. आइलो खिडकीतून बघून मेला हसून.

आइलो म्हणजे आमच्या कारखान्यात माल उचलायची गाडी चालवतो तो. माझ्या सगळ्या उद्योगांत निम्मा वाटा त्याचा. म्हणाला, "योरुन, तुझा बाप गोल्फ खेळतोय की बायको शोधतोय?"

मी त्याला मुंडकं फेकून मारलं. कॉडचं.

पण खरं सांगू — मला हसू नाही आलं.

२७ मार्च

एलर्ट घरी आला! आमच्या स्वयंपाकघरात! बूट काढले नाहीत. खुर्चीवर बसण्याआधी ती हाताने झटकली. माझ्या दातांकडे बघत म्हणाला, "आणि योरुनबाई काय करतात हल्ली?"

म्हटलं, "मुंडकी तोडते."

"छान, छान."

बाबाला म्हणाला, "आमचा हंगाम अडीच महिन्यांचा, हे तुला ठाऊक आहेच. एवढ्याशा हंगामासाठी वर्षभर राबावं लागतं. आधी श्रमदान, मग मतदान. अंग झिजवणारा माणूस आहे का, ते लोक बघतात."

अंग झिजवणारा! तीस वर्षं समुद्रावर गेलेल्या माणसाला हा सांगतोय, रबराचे हातमोजे घालून दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालणारा!

बाबा म्हणाला, "येईन की. योरुनपण येईल."

मी?!

श्रमदानाला नाही कसं म्हणणार? आमच्याकडे श्रमदान चुकवलं की वर्षभर दुकानात बायका विचारतात, "बरं नव्हतं का गं तुला?" खून केला तरी एवढं विचारत नाहीत.

२ एप्रिल

सुचलं!!

श्रमदानात काय करतात — खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवरचा बर्फ काढतात, खालच्या गोठलेल्या थरावर काळी वाळू फेकतात. काळी वाळू ऊन धरते, बर्फ लवकर वितळतो, गवत गुदमरून मरत नाही. छान. करा.

पण बर्फावर मीठ दिसतं का? पांढऱ्यावर पांढरं!

आणि मीठ कुठे आहे? कारखान्यात डोंगर आहे मिठाचा.

आइलो आधी नको म्हणाला. मग म्हणाला, "किती पोती?"

४ एप्रिल

झालं. दुपारची पाळी सुटल्यावर, उजेडातच. घसरगाडीवर पोती, वरून चटई. रस्त्यात कारखान्याची म्हातारी मुकादमीण भेटली. म्हणाली, "काय नेताय रे?" आइलो म्हणाला, "पाप." ती हसून गेली. खरं बोललं की कोणी विश्वास ठेवत नाही.

टोकावर वारा असा होता की अर्धं मीठ आमच्याच डोळ्यांत. पण वरचा भुसभुशीत बर्फ वाऱ्याने आधीच उडवलेला, गोठलेल्या थरावरच पसरलं. नवव्या खड्ड्याची अख्खी हिरवळ! मागच्या उन्हाळ्यात घातलेलं नवंकोरं गवत, अजून एकही पाहुणा चाललेला नाही त्याच्यावर. आमच्या मांडवांचे खांब होते, नेमकं तिथेच.

मरा!

६ एप्रिल

श्रमदान. सगळं गाव. फावडी, वाफल, तपकिरी चीज, कॉफी. एलर्टने नवी कोरी विजार घातली होती आणि सगळ्यांना कामं वाटून देत होता. वाटताना म्हणाला, "हाल्व्दान, तू नववा घे. टोकावरची हवा तुझ्या ओळखीची."

म्हणजे मुद्दाम! जिथून याला हाकललं तिथेच याला राबवायचं!

आणि हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. की नववा बाबाकडे जाईल. दिवसभर एका खांद्याने वाळू फेकत होता. मी शेजारी, माझ्याच मिठावर वाळू पसरत.

एक बाई वाफल देत म्हणाली, "बापलेकीची जोडी किती गोड!"

१३ एप्रिल

घोळ झाला. मोठा घोळ!!

नववा सगळ्यांत आधी मोकळा झाला. बाकीच्या आठांवर अजून बर्फ आणि नवव्यावर गवत दिसतंय — हिरवं! वितळवणारच की मीठ. मी गाढव.

सगळे बघायला गेले. एलर्ट बाबाच्या पाठीवर थापा मारतोय, "हाल्व्दानच्या हाताला ऊब आहे बरं का!" लोक हसतायत, मान डोलावतायत. बाबा वाकला, मातीत बोट घातलं, उठून मिशी पुसली. मिशीला चिखल.

एलर्टने विचारलं, "कशी आहे?"

"चांगली आहे," बाबा म्हणाला.

आइलो माझ्या कानात, "तू तुझ्या बापाला हिरो केलंस."

२५ एप्रिल

मतदान. बाबाला घेतलं. एकही हात विरोधात नाही!

माझ्या मिठाने.

३० एप्रिल

त्याला छातीवर लावायचा बिल्ला दिला. छोटा झेंडा आणि खाली कॉड मासा. कॉड! मासळीचा वास चालत नाही, पण बिल्ल्यावर मासा चालतो!

बाबा तो लावून दुकानात जातो.

१८ मे

काल राष्ट्रीय दिवस. मिरवणुकीत बाबा क्लबाच्या झेंड्यामागे. गेल्या वर्षी मच्छीमारांच्या झेंड्यामागे होता. मी मच्छीमारांत. मधे शाळेचा वाद्यवृंद, त्यामुळे एकमेकांना दिसलो नाही. बरं झालं.

२ जून

पिवळा!

नववा पिवळा पडतोय. बाकी आठ हिरवेगार आणि हा म्हाताऱ्या बोकडासारखा.

१४ जून

हंगाम सुरू. नववा बंद. आता तपकिरी. दोरी लावली, पाटी लावली. एलर्ट पाटीशेजारी उभा राहून पाहुण्यांना काहीतरी समजावतो आणि ते आठव्यावरूनच परत फिरतात. काय मजा!

आणि आइलोला एक सुचलं — आम्ही आठव्याच्या झेंड्याला कॉडच्या काळजाचं तेल चोळलं. सीगल! शंभर तरी! एका ओस्लोवाल्याने चेंडू मारला आणि तो खाली पडायच्या आधीच एक सीगल घेऊन गेला. तो माणूस तोंड उघडं ठेवून आकाशाकडे बघत राहिला. एलर्ट तिथे असता तर त्याचे दात मोजून गेला असता.

पोट दुखेपर्यंत हसलो. मग बघितलं तर बाबा लांब, एकटा, पाचव्यावर. खेळत होता. अडकता खांदा, अर्धी काठी. चेंडू गेला मात्र सरळ. त्याने इकडेतिकडे बघितलं — कोणी पाहिलं का म्हणून.

मी पाहिलं. सांगणार नाही.

२२ जून

कुजबुज सुरू झाली. दुकानात ऐकलं — "हाल्व्दानने काय फेकलं तिथे?" "बोटीवरचा माणूस, त्याला गवताचं काय कळतंय!" ज्यांनी थापा मारल्या तीच तोंडं. ढोंगी मेले! वाफल खाताना किती गोड होती!

हे मला नको होतं. क्लब मरायला हवा होता, बाबा नाही.

१ जुलै

एलर्टने माती तपासायला पाठवली. ट्रोम्सोला, शहरातल्या प्रयोगशाळेत.

आइलो दोन दिवस कामावर बोलत नाहीये. मुकादमिणीला ते "पाप" आठवलं तर?

२३ जुलै

उत्तर आलं. मीठ.

एलर्ट कारखान्यात आला. सरळ. मिठाच्या ढिगासमोर उभा राहिला आणि मग माझ्याकडे बघितलं. मी सुरी पुसत होते.

"योरुनबाई, हे मीठ कोणीही नेऊ शकतं का?"

"ज्याला मासे खारवायचेत तो."

"आणि ज्याला गवत खारवायचंय?"

"असा माणूस मला भेटला नाही. तुम्हाला भेटला तर सांगा, बघायचाय."

तो हसला. दात पांढरेशुभ्र. म्हणाला, "हंगाम संपला की वार्षिक सभा आहे. तिथे विषय निघेल. हाल्व्दानचाही आणि तुझाही. पोलिसांना कळवायचं की नाही, तेही तिथेच ठरेल."

सुरीने बोट कापलं. त्याच्यासमोर नाही, तो गेल्यावर.

घरी बाबाने पट्टी बांधली. बिल्ला छातीवर. काही विचारलं नाही. बिल्ल्यावरचा मासा माझ्याकडे बघत होता, मूर्ख.

९ ऑगस्ट

क्लबात बाबाशी कोणी खेळत नाही आता. तरी रोज जातो! एकटाच आठ खड्डे फिरतो आणि टोकावर दोरीपाशी जाऊन उभा राहतो. लाज नाही का या माणसाला? कोण थांबतं असं, नको तिथे?

पळून जावं म्हणते. ट्रोम्सोला आइलोची बहीण आहे.

६ सप्टेंबर

हंगाम संपला. झेंडे काढले. गेले नाही मी. ट्रोम्सोला म्हणते. पळाले असते तर बाबावरच ढकललं असतं सगळं.

२० सप्टेंबर

सभा झाली. मी दाराशी, मागच्या वेळेसारखी. आइलो बाहेर गाडी चालू ठेवून — कुठे पळणार होतो देव जाणे, बेटावरून!

एलर्टने तपासणीचा अहवाल वाचला. मग म्हणाला, "हे मीठ तिथे कसं आलं, यावर कोणाला काही बोलायचंय?" आणि मान वळवून माझ्याकडे.

बाबा उठला. टोपी हातात. बिल्ला छातीवर.

"मला बोलायचंय. मी सदस्य आहे," म्हणाला.

एलर्टने अहवाल टेबलावर ठेवला.

"टोकावर मीठ येतं समुद्रावरून. पश्चिमेचा वारा सुटला की लाट फुटते आणि उडते. माझ्या बापाने मांडव तिथेच का घातले? खारा वारा लागतो म्हणून. तिथली मासळी गावात सगळ्यांत चांगली वाळायची. मासळी जिथे वाळते तिथे गवत वाढेल कसं?"

मागच्या बाकावर एक म्हातारा म्हणाला, "खरंय." दुसरा म्हणाला, "माझ्या आईच्या खिडकीच्या काचा पांढऱ्या व्हायच्या तिथे."

एलर्ट म्हणाला, "आणि एप्रिलमध्ये सगळ्यांत आधी बर्फ वितळला तो?"

"खारं आहे म्हणूनच की! तू माझ्या हाताची ऊब म्हणालास. मला तेव्हाच हसू आलं होतं. पण तू पाठीवर थापा मारत होतास, म्हटलं कशाला मोडा."

सगळे हसले. सगळे! एलर्टही हसला, त्याला हसावंच लागलं.

"नवं गवत घाला," बाबा म्हणाला, "वारा आहे तिथेच आहे. दर वर्षी मरेल. अडीच महिन्यांच्या हंगामाला ते झेपायचं नाही. मी म्हणतो, टोक सोडा. पहिला खड्डा दोनदा खेळा, नऊ होतात."

मत घेतलं. टोक सोडलं.

सोडलं!! माझं नावही निघालं नाही. मी बाहेर आले तर आइलो म्हणतो, "पळायचं?" मी गाडीत बसून रडले आणि त्याला वाटलं पकडले गेलो, त्याने गाडी सुसाट सोडली. बोटीच्या धक्क्यापर्यंत गेल्यावर परत वळवायला लावलं.

बाबाचं नशीबच म्हणायचं. स्वतःच्याच थापेवर त्याचा विश्वास होता, म्हणून लोकांचा बसला.

११ ऑक्टोबर

टोकावर पहिले चार खांब उभे केले. बाबा एका हाताने धरतो, मी ठोकते. वारा पूर्वेचा. दुपारी डबा उघडला, त्याने उकडलेल्या अंड्यावर मीठ टाकलं, बोटाला चिकटलेलं चोखलं आणि समुद्राकडे बघत म्हणाला, "पुढच्या वेळी जाडं मीठ घे. बारीक टाकलंस तू — एप्रिलमध्ये जिभेला लगेच लागलं मला."