खड्डे न बुजवण्याविषयीचे भाषण

तीर्थस्वरूप भावोजींना,

नमस्कार. तुमचा खोकला गेला का? ताईला म्हणावे, तिच्या भावाची तब्येत उत्तम आहे. (गाडीच्या तब्येतीचे पुढे येईलच.)

परवा तुमची गाडी घेऊन मी एका आडगावच्या सभेला निघालो. रस्त्यातले खड्डे गावानेच बुजवावेत, असा ठराव तिथे यायचा होता आणि तो हाणून पाडायला मला बोलावले होते. (म्हणजे, येतोय असे मीच कळवले होते.) कर आपणच भरायचा आणि खड्डेही आपणच, हे मला मान्य नाही, तुम्ही जाणताच. रस्ता इतका अरुंद, की समोरून सायकल आली तरी एकाने शेतात उतरावे. तासभर मी एकेक खड्डा शिताफीने चुकवला. पण भाषणाची तालीम गाडी चालवताना करायची ही माझी जुनी खोड, आणि तीही हातवाऱ्यांसकट. "फावडे उचलणारा हात हा शरण गेलेला हात आहे" या वाक्याला मी दोन्ही हात वर करतो. केले. पुढचे चाक खड्ड्यात गेले, गाडीच्या पोटात काहीतरी कडकन मोडले आणि खाली तेलाचे थारोळे साचले.

मी ओणवा होऊन बघतोय तोवर सभेचीच मंडळी फावडी-घमेली घेऊन आली. एक म्हातारबाबा म्हणाले, "वक्ते तुम्हीच ना? वाट बघून बघून निघालो आम्ही."

मी म्हटले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, आधी माझे ऐका.

"बोला की. हात कामात आहेत, कान रिकामेच आहेत."

त्यांनी गाडी उचलून कडेला ठेवली, खड्डा मुरुमाने भरला, चोपला. तेवढा वेळ मी बोलत होतो. ऐन रंगात एक बाई म्हणाल्या, "दादा, जरा सरका, तिथंच दगड टाकायचाय." सरकलो. मग ठराव तिथेच मताला टाकला. विरोधात हात वर करणार, तर दोन्ही हातांत भरलेले घमेले. (कोणी दिले, देव जाणे.) ठराव एकमताने पास झाला.

तुमचा मेहुणा

ता. क. गाडी इथल्याच एका गोठ्याच्या सावलीत सुखरूप उभी आहे. फक्त चालत नाही. ओढून न्यायला कोणाला तरी पाठवा.

पुन्हा ता. क. कोणाला नको, तुम्हीच या. पुढच्या वळणापर्यंतचा तुकडा माझ्या वाट्याला आलाय. गाडी कोणाची, असे विचारल्यावर मी खरे बोललो, त्यामुळे यादीत तुमचेही नाव आहे. रविवारी उजाडताच सुरुवात. माझे मत तसूभरही बदललेले नाही. त्या घमेल्यापायी तळहातांना फोड तेवढे आलेत.