माहेरच्या नावाचा रकाना

सर, आज मी जिंकले. खरं तर तुम्हीच जिंकलात, पण तुम्ही आता या जगात नाही म्हटल्यावर श्रेय मी एकटीनेच घेऊन टाकलंय. ठाण्याहून घरी येईपर्यंत मी स्वतःशीच हसत होते, रिक्षावाल्यानेही आरशातून दोनदा बघितलं. एक्स-रेचं काम सोडून मी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात गेले म्हणून तुम्ही नाराज होतात. तुम्हाला जाऊनच आता अकरा वर्षं होतील, तरी हे दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटत नाही.

कल्याणच्या हॉस्पिटलात तुमच्या हाताखाली नवीन लागले तेव्हा चटचट कामं उरकण्याचा मला भारी तोरा होता. बाकावरच्या बायकांकडे बघत मी एक नाव पुकारलं, एक बाई मान डोलावत उठली आणि मी तिच्या छातीचा एक्स-रे काढून मोकळी झाले. जिचा काढायचा होता ती बाहेरच बसून राहिली. तुम्ही ओरडला नाहीत, तेच जास्त लागलं. "नाव आपण घ्यायचं नाही," तुम्ही म्हणालात. "घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. त्यालाच सांगू दे. आणि बाई असली तर माहेरचंही विचार." लग्नात आपल्याकडे आडनावच काय, कित्येकींचं नावही बदलतं, मग जुनी फिल्म एका बाईची आणि नवी दुसरीचीच होऊन बसते, म्हणून पाकिटाच्या कोपऱ्यात माहेरचं नाव लाल शाईने लिहायचं, हा तुमचा नियम. मला तो तुमचा चक्रमपणा वाटायचा. एक आजी मशीनसमोर उभी आहे, तुम्ही विचारल्यावर ती पदर सावरते, जरा आठवते आणि चाळीस वर्षांत न उच्चारलेलं नाव सांगून लाजते. तुम्ही सावकाश लिहून घेताय. बाहेर रांग खोळंबली आहे आणि मी घड्याळाकडे बघतेय.

आठ वर्षं हे चाललं. मधल्या काळात मी रविवारचे कॉम्प्युटरचे क्लास गुपचूप केले. ठाण्याच्या एका हॉस्पिटलने फिल्म बंद करून सगळे एक्स-रे कॉम्प्युटरवर साठवायचं ठरवलं आणि त्या विभागात त्यांना एक्स-रे कळणारं माणूस हवं होतं. नोकरी मिळाली तशी मी पेढे घेऊन आले. तुम्ही पुडा उघडलासुद्धा नाहीत. "पेशंटकडे पाठ करून बसणार तर. बस," एवढंच म्हणालात. मला इतका राग आला होता की पेढे उचलून परत न्यावेत असं वाटलं.

पाठ केली की नाही ते तुम्हीच ठरवा. नवी सिस्टिम सुरू व्हायच्या आधी पेशंटच्या नोंदणीचा फॉर्म माझ्या सहीसाठी आला, तर त्यात माहेरच्या नावाला जागाच नव्हती. सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर मला समजावत होता की मॅडम, प्रत्येकाला नंबर आहे, नाव बदललं तरी काय फरक पडतो. मी त्याला विचारलं, तुझ्या आईला तिचा हॉस्पिटलचा नंबर पाठ आहे का? त्याला ते पटलं, पण आमच्या साहेबांना पटलं नाही. उद्घाटनाची तारीख ठरली आहे, एका रकान्यासाठी अडून बसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. माझी नोकरी अजून कच्ची होती. तरी मी सही केली नाही. चार दिवस माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. नोकरी गेली असती तर कल्याणला परत यायला तोंड नव्हतं. पण सहीशिवाय त्यांचंही काम अडलं आणि पाचव्या दिवशी रकाना आला. उद्घाटन आठवडाभर पुढे गेलं आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

आज दुपारी आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी मला वर बोलावलं. मानपाड्याची एक बाई, पस्तिशीची, खोकल्यासाठी एक्स-रे काढला तर फुप्फुसात डाग. सुई घालून तुकडा काढायचं ठरत होतं, नवरा बाहेर भिंतीला टेकून रडत होता. पण काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरताना माहेरचं नाव विचारलं होतं आणि सिस्टिमने त्या नावाचा एक जुना एक्स-रे शोधून समोर ठेवला. लग्नाआधी नोकरीच्या तपासणीसाठी आमच्याकडेच काढलेला, आम्ही फिल्म बंद केली त्याच वर्षीचा. नाव, आडनाव, नंबर सगळं वेगळं. जन्मतारीख तीच, आणि डागही तोच, तिथेच, तेवढाच. इतक्या वर्षांत तसूभरही वाढला नाही म्हणजे जुना व्रण आहे, सुई नको, असं मॅडम म्हणाल्या. हे सांगायला मी स्वतः खाली गेले, दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. त्या बाईने आधी नवऱ्याचा हात धरला. मग मला म्हणाली, "तो एक्स-रे काढलेला हेच मी विसरून गेलेली, मॅडम. नाव तेवढं लक्षात होतं." कॉलर ताठ करावीशी वाटली, सर. पंजाबी ड्रेसला कॉलर नसते म्हणून राहिलं.

तुमच्या खडवलीच्या घराचा पत्ता मला अजून पाठ आहे, पण तिथे आता दुसरेच लोक राहतात, तेव्हा हे पत्र माझ्या कपाटातच राहील. बरंच आहे, कारण एक गोष्ट अजून सांगायची आहे. जाण्याच्या महिनाभर आधी तुम्ही मला एकदाच फोन केला होतात. रागाचं काही बोलला नाहीत, फक्त विचारलंत, "अगं, आपल्या एक्स-रे रूमची आठवण येते का?" मी म्हटलं, रोज येते, सर. तुम्ही म्हणालात, येणारच, आणि तुमचा आवाज एकदम हलका झाला. मी खोटं बोलले होते. तुमची आठवण यायची, पण त्या रूमची एकदाही आली नाही. मी इथे पहिल्या दिवसापासून जास्त खूश होते.