वापरकर्त्याची चूक

प्रिय माय,

फोनवर तू म्हणालीस, सगळं बरं आहे. चार दिवसांपासून डेअरीच्या संकलन केंद्राची किल्ली तुझ्याकडं नाही, हे मला शेजारच्या अतुलकडून कळलं. माझ्या जिवाला घोर नको म्हणून लपवलंस ना? घोर तर लागलाच, वर असा राग आलाय की जेवण जात नाही.

मंगळवारी सकाळी दूध मोजायच्या मोबाइलनं मधेच अपडेट मागितलं, तू ‘होय’ दाबलंस आणि रेंज गेली. मग ॲप उघडेचना. दीड तास रांग उभी, ऊन चढलेलं, दगडाबाईच्या म्हशीचं दूध कॅनमध्येच नासलं. लोकांनी विचारलं, मोबाइलवर काय लिहून आलंय. दुसरं कुणी म्हणालं असतं, काय कळंना बुवा. तू चष्मा लावून मोठ्यानं वाचलंस: ‘अपडेट अयशस्वी. वापरकर्त्याची चूक.’ एक शब्द गाळला नाहीस. “लेक कंप्युटरमधी अन् मायला बटन दाबता येईना,” असं कुणी तरी बोललं आणि रांग हसली म्हणे. आपल्या वस्तीतली बाई दूध मोजणार म्हणून सुरुवातीला महिनाभर ज्यांनी कॅन आणले नव्हते, तेही हसले असतील.

आता चेअरमन काकासाहेब तुझ्याकडून लिहून मागतायत, ‘चूक माझीच’ असं. तूही लिहून ठेवलंयस, फक्त सही राहिलीय. का, तर छापून आलंय म्हणजे खरंच असणार. घरात शाळेत गेलेली मी पहिली. मी तुला पाटीवर अक्षरं शिकवली तेव्हापासून तुझं हेच.

माय, रेंज जाणं ही कुणाची चूक असते का? नवं ॲप पूर्ण आलं नाही तर जुनं चालू ठेवायचं आणि सांगायचं: रेंज गेलीय, तुमच्या नोंदी सुरक्षित आहेत, दूध मोजत राहा. दोन दिवसांचं काम. पण ते बनवणाऱ्या कंपनीचे साहेब, इंद्रजीत सर, यांनी ते दोन दिवस दिले नाहीत. चूक आपली म्हटली की दिवसभर फोन येतात, लोकांची म्हटली की ते गप बसतात, असं ते म्हणाले. मलाच म्हणाले.

हो, तुमच्या डेअरीचं ॲप आमच्याच ऑफिसात झालं. ती ओळ मी टाइप केली. नोकरीचा दुसरा महिना होता, हर्सूलची खोली नुकतीच भाड्यानं घेतली होती, नाही म्हणायचं धाडस झालं नाही. खोटं आहे हे माहीत असून मी लिहिलं. हे तुला पत्राच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, पण धीर होईना.

फोन न करता कागदावर लिहितेय, कारण कागद दाखवता येतो. सही करू नकोस. हे पत्र काकासाहेबांच्या हातात दे आणि किल्ली परत माग. याची एक प्रत आज मी इंद्रजीत सरांच्या टेबलावर ठेवून आलेय. उद्या ऑफिसात काय होईल, माहीत नाही. भीती वाटतेय, तरी नाव पूर्ण लिहितेय.

तुझीच,
करुणा सोमनाथ साळवे