न पळणारीचे रक्त

हिंगोली,
कोजागरीनंतरचा मंगळवार

प्रिय व्यंकट,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. तुझ्या लेकीचे, प्रतिक्षाचे रक्त पळण्यामुळे आटले, म्हणून तिचे पळणे बंद झाले पाहिजे, हे तुझे म्हणणे चुकीचे आहे. आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा तुझ्याच घरात आहे. फोनवर मी हे दोनदा सांगू पाहिले. दोन्ही वेळा तू "अक्का, मळणी चालू हाय, मागून बोलतो" म्हणून फोन ठेवलास. मळणीयंत्राचा आवाज मात्र मला ऐकू आला नाही. म्हणून कागद काढला. हातात आलेला मजकूर तू शेवटपर्यंत वाचतोस, मग तो खताच्या पिशवीवरचा का असेना, ही तुझी सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मी रागावले आहे. तर्कशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि दरवर्षी मी वर्गात सांगत आले, की रागात केलेला युक्तिवाद आंधळा असतो. त्यामुळे दसऱ्याच्या दिवशी लिहायला घेतलेले पत्र मी फाडून टाकले आणि राग निवण्याची वाट पाहिली. इकडे दसऱ्याच्या मेळ्याचे पाळणे उतरवून झाले, दुकाने उठली, पण राग निवला नाही. तो फक्त नीटनेटका झाला.

आधी तुझा पूर्वपक्ष, आणि तोही प्रामाणिकपणे. अष्टमीच्या सकाळी जवळा बाजारच्या रस्त्यावर पळता पळता प्रतिक्षा कोसळली. तिच्यासोबत पळणाऱ्या साक्षीने एक जीप थांबवली आणि तिला घरी आणले. ओठ पांढरे, हातपाय गार. दारात जमलेल्या लोकांसमोर तू म्हणालास, "पळून पळून पोरीचं रक्त आटलं. बस झालं आता. पोलिसात न्हाई गेली तर काय जग बुडून राहिलं का?" आणि तिचे बूट उचलून ट्रॅक्टरच्या पेटीत टाकलेस, वर कुलूप लावलेस. पोलीस भरतीची मैदानी चाचणी दिवाळीनंतर आहे. यंदा ती मैदानात उतरली नाही, तर पुढच्या वर्षी तू तिला उतरू देणार नाहीस, हे तुला, मला आणि तिलाही कळते. तेव्हा कुलूप फक्त बुटांना लागलेले नाही.

आता तुझ्या बाजूने बोलण्यासारखे जे आहे, ते मी लपवत नाही. मी तिला हिंगोलीला आणून डॉक्टर पल्लवींना दाखवले. त्यांनी जे सांगितले ते तुझ्या भाषेत सांगते. रक्तातले लोह म्हणजे घरातले धान्य समज. ताटातली भाकरी निराळी आणि कणगीतली ज्वारी निराळी. कणगी रिकामी होत आली तरी ताटात काही दिवस भाकरी दिसतेच. आणि ताटात दिसत नाही तेव्हा कणगी केव्हाच खरवडून झालेली असते. प्रतिक्षाची कणगी आज नव्हे, दोन-तीन वर्षांपासून रिकामी होत होती. त्यात पळण्याचा वाटा आहे. कठीण रस्त्यावर टाच आपटते तेव्हा तळपायातल्या थोड्या रक्तपेशी फुटतात. घामावाटे थोडे लोह जाते. जोरात पळून आल्यावर पुढचे काही तास शरीर अन्नातले लोह आत घ्यायला कुचराई करते. आणि महिन्याच्या महिन्याला बाईचे जे जाते, ते निराळेच. हे सगळे खरे आहे. मी ते नाकारले असते, तर मला खोटी पाडायला तू मोकळा झाला असतास.

पण वाटा असणे आणि कारण असणे यांत फरक आहे, आणि तो फरक तू माझ्यापेक्षा चांगला जाणतोस. पेरणीच्या दिवसांत बैल दिवसभर कामाला जुंपला की तू त्याच्यापुढे पेंड ठेवतोस. नाही ठेवली आणि बैल वाळला, तर गावात कोणी म्हणत नाही की औताने बैल वाळवला. धन्याने वैरणीत हात आखडला, असेच म्हणतात. मग लेकीच्या बाबतीत दोष औताला का?

साक्षीचे उदाहरण घे. तोच रस्ता, तेवढेच अंतर, तीच पहाट. उलट ती प्रतिक्षाच्या चार पावले पुढेच असते. तिचे रक्त उत्तम आहे. तिचे वडील भीमराज मला बाजारात भेटले तेव्हा मी विचारले, पोरीला काय खाऊ घालता? ते हसले. म्हणाले, "घालतो काय, बाई, तीच वरबडती. पळून आली की आमच्या आधी तिचं ताट. अंडं, सुकट, वरणावर लिंबू. आमी मागून बसतो." तुझ्या घरात अंडे शिजत नाही, आणि ते शिजव असे मी म्हणत नाही. हरभऱ्याची भाजी तुझ्या बांधावर आहे, मेथी आहे, तीळ, बाजरी, मटकी, सारे आहे. प्रश्न ते कोणत्या ताटात किती पडते हा आहे. आधी तू आणि सालगडी, मग पाहुणे, मग प्रतिक्षा, आणि सर्वांत शेवटी तिची आई पार्वती, पातेल्याच्या तळाशी जे उरेल त्यावर. कॉलेजात मिळालेल्या लोहाच्या गोळ्या प्रतिक्षा घेत होती. पण मळमळते म्हणून तूच तिला त्या चहाबरोबर घ्यायला लावल्यास. माया होती त्यात, मान्य. पण चहा त्या लोहाला पोटातच अडवून धरतो.

आता नवसाकडे येते, कारण माझ्या रागाचे मूळ तिथे आहे. लेकीची भरती व्हावी म्हणून तू देवीला बोललास. नऊ दिवस कडक उपवास आणि पायात वहाण नाही. नवस तुझा, पण पोट तिचे आणि तळपायही तिचे. तू स्वतः उपवास धरला नाहीस. "मला औषधं चालू हायत" म्हणालास. ती पोर बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून साबुदाणा आणि चहावर राहिली आणि सरावही चुकू नये म्हणून त्या खडबडीत डांबरावरून अनवाणी पळत राहिली. तुझा भाव खोटा होता असे मी म्हणणार नाही. तुला ती जिंकायला हवी होती. पण आठव्या दिवशी ती पडली तेव्हा तू उपवासाचे नाव घेतले नाहीस, अनवाणी पायांचे घेतले नाहीस, तळाच्या ताटाचे घेतले नाहीस. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याला दगड मारलास. फांदी खालून कुणी कापत आणली होती, हे पाहिले नाहीस. नऊ दिवसांत कुणाचे लोह संपत नसते. संपत आलेले उघडे पडायला मात्र नऊ दिवस पुरतात.

तरीही तू म्हणशील, "अक्का, ही सारी बोलाची कढी. पळणं नसतं तर हे झालंच नसतं." ठीक आहे. मग तुझे विधान नियम म्हणून तपासू. पळणे नसेल तर रक्त आटत नाही, हे खरे असेल, तर जी पळत नाही तिचे रक्त भरलेले असले पाहिजे. अशी बाई तुझ्या घरात आहे. पार्वती आयुष्यात कधी पळाली आहे का? एसटी सुटत असली तरी ती पळत नाही. कंडक्टरच तिला पाहून घंटी मारायचा थांबतो. त्या दिवशी पोरीसोबत तीही आली होती, तिचेही रक्त तपासले. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन बाराच्या पुढे असावे लागते. प्रतिक्षाचे नऊ पूर्णांक आठ आहे. पार्वतीचे सहा पूर्णांक दोन. तुझा नियम इथे संपतो.

आणि माझा संताप इथे सुरू होतो. तुझ्या ओसरीवर शेजारच्या पोरांसाठी आणलेला पाटीवरच्या पेन्सिलींचा डबा सारखा रिकामा होतो म्हणून तू पोरांवर ओरडलास. पोरांनी पेन्सिली नेल्या नाहीत. तुझी बायको त्या खाते. अंगात लोह उरले नाही की काहींना अशी माती-खडूची वखवख सुटते, तिला ते खाल्ल्याशिवाय राहवत नाही, आणि लाज वाटते म्हणून ती चुलीकडे तोंड करून खाते. तिला धाप लागते. तू पाहुण्यांसमोर म्हणायचास, "आमची पार्वती हंडा घेऊन निघाली की वाटंत तीन टेशनं घेती." पाहुणे हसायचे. दोन वर्षांपासून तिची पाळी नीट नाही. आठ-आठ, दहा-दहा दिवस जात राहते, आणि कपडे ती कुणी उठायच्या आत धुऊन वाळत घालते. म्हैस एक वेळ वैरणीला तोंड लावेना झाली तर तू भर उन्हात गुरांचा डॉक्टर घेऊन येतोस. शेणाचा रंग पाहून तुला म्हशीचे दुखणे कळते. या बाईच्या पापण्यांच्या आतला रंग तू कधी पाहिला आहेस का?

हे पत्र प्रतिक्षासाठी आहे असे तुला इथपर्यंत वाटले असेल. ते तिच्यासाठी आहेच, पण ते आज, याच आठवड्यात लिहावे लागले ते पार्वतीसाठी. तिने मला शपथ घातली होती. तपासणी झाल्यावर जिन्यात माझा हात धरून ती म्हणाली, "वन्सं, यांना सांगू नका. मी खाटंवर पडले की चूल पोरीच्या गळ्यात. मग कशाचं पळणं अन् कशाची भरती. तिचं मैदान होऊ द्या, मग मला कुठं न्यायचं तिथं न्या." तिने ते दुखणे लेकीच्या पळण्यासाठी दोन वर्षे दाबून धरले, आणि तू दारात चार माणसांसमोर ते पळणेच कुलपात टाकलेस. आता तिचे सोसणेही फुकट गेले. डॉक्टर पल्लवी म्हणतात, दिवाळीपर्यंत थांबणे शक्य नाही. तिला रक्त द्यावे लागेल, गर्भपिशवीत गाठ आहे का ते पाहावे लागेल, आणि कदाचित शस्त्रक्रियाही लागेल. मी शब्द मोडते आहे, त्याचा दोष माझ्या माथी. गुरुवारी सकाळी तिला घेऊन ये. सोयाबीन एक दिवस पडून राहिले तर त्याला कोंब फुटत नाहीत. बुटांची पेटी निघण्याआधी उघड. प्रतिक्षाला आईचा आकडा अजून ठाऊक नाही. कळला तर ती स्वतःच बूट परत ठेवील आणि चुलीपुढे बसेल. म्हणून चुलीपुढे आधी तू बस. मी शनिवारी येते आणि तुला भाकरी थापायला शिकवते. पहिल्या चार करपतील, त्या तूच खा. हा कागद जीपवाल्याकडून फक्त तुझ्या हातात द्यायला सांगितला आहे.

एवढे सिद्ध केल्यावर माझी एक चूक मान्य करते. मी एकट्या प्रतिक्षाच्याच रक्ताची तपासणी सांगितली होती. जिना चढून आलेली पार्वती दवाखान्याच्या दारातच, फरशीवर बसली, पदराने वारा घेऊ लागली. मी तिला म्हणाले, "अगं, खुर्ची आहे ना तिथे." प्रतिक्षा म्हणाली, "आत्या, आईचं बी बघायला लाव की." मी म्हणाले, "तिला काय धाड भरली?" नुकतीच कोसळलेली ती पोर हट्टाने तिथेच उभी राहिली, आणि तिचा हट्ट मोडवेना म्हणून मी दुसरी तपासणी सांगितली. नाहीतर तुला वर जो पुरावा दिला, तो माझ्याकडे नसता, आणि पार्वती मुकाट्याने तुझ्या घरी परतली असती. जी पळत होती तिच्याकडे तू पाहिलेस. जी बसली होती ती मलाही दिसली नाही. हे मी शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहून देते.

तुझीच,
शकुंतलाअक्का