साडूचे उलटे आटे

३ मार्च
आधी सर्वांची खुशाली. हिचा गुडघा: जिना चढताना कुरकुरतो. मेहुणीचा खोकला: गेला. नातवाचा दात: आला. साडूची कंबर: माझ्या दुर्दैवाने ठणठणीत. ट्रक: मागून आजारी.
दरवर्षी आम्ही दोघे साडू हौसेने आपापला ट्रक खाणीच्या चढावर चढवतो. गेल्या वर्षी माझा रुतला. साडूने घरादारासमोर दोर लावून ओढला आणि वर फोटो काढला. मोबाइल उघडला की अजून तोच दिसतो. यंदा त्याच चढावर दोर मी लावणार. फोटोही मीच काढणार.

९ मार्च
मागचा ॲक्सल धरायला चार लिंक, म्हणजे जाड नळीचे दांडे, स्वतः बनवतोय. प्रश्न टोकांच्या सांध्यांचा. रबरी बुशचे की नुसत्या पोलादी गोळीचे? रबरी मऊ, बिनआवाजाचे. साडूने तेच बसवलेत. म्हणून पोलादी. विषय संपला.

१० मार्च
संपला नाही. लेथवाला म्हणतो, काका, दांड्याच्या एका टोकाला सुलटे आटे घ्या, दुसऱ्याला उलटे. मग नुसता दांडा फिरवला की लांबी कमीजास्त होते, काही सोडावं लागत नाही. तुमच्या साडूंनी तसेच नेले.
साडू डावरा. त्याला उलटं शोभतं. मी आठही सुलटे सांगितले. लेथवाल्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

१८ मार्च, सकाळी
सांधे बसवले. देखणे. दांडा फिरवला: एक टोक आत गेलं तेवढं दुसरं बाहेर आलं. लांबी जशीच्या तशी. याला मजबुती म्हणतात.

सायंकाळी
ॲक्सल किंचित तिरका. सरळ करायचा तर दर वेळी बोल्ट काढा, सांधा फिरवा, बोल्ट घाला. पाठ धरली. ही म्हणाली, भावोजींना बोलवा, चुटकीसरशी करतील. जेवताना मी मीठ खुणेने मागितलं.

२३ मार्च
ट्रक जरा तिरपा चालतो. कुणाच्या लक्षात येत नाही. शेजाऱ्याने हाक मारून विचारलं, काका, वळताय का? मी सरळ जात होतो. खडखड आहे, पण ताकदीला आवाज असायचाच. हिला कापसाचे बोळे दिले.

३० मार्च
उद्या चढ. साडूला ओढायला नवा दोर घेतला. त्याच्या कंबरेसाठी मलमही. दोर बांधायला वाकावं लागेल बिचाऱ्याला. सूड घ्यायचा म्हणून माणुसकी का सोडा?

३१ मार्च
निम्म्या चढावर ट्रक तिरपा होत होत चरात गेला. ही गुडघा धरून उतरली आणि साडूच्या ट्रकमध्ये जाऊन बसली. म्हणाली, इथे मऊ आहे. दोर माझाच लागला. मलमही मलाच.
साडू हसला नाही. ते जास्त लागलं. ट्रकखाली शिरून म्हणाला, दादा, उलटे आटे का नाही घेतले? मी म्हटलं, दुकानात नव्हते.

२ एप्रिल
साडूला निरोप, पाठवण्याआधी इथे लिहून पाहतो:
साडूभाऊ, दुकानात अजून नाहीत. तुमच्याकडे उलट्या आट्यांचे चार सांधे असतील तर काढून ठेवा. नळ्यांची टोकं लेथवाला बदलून देतोय. परवा चरापाशी काढलेल्या फोटोत ही छान आली आहे, एक प्रत द्या. उत्तर लवकर पाठवा. ट्रक आणि ही, दोन्ही अजून तुमच्याकडेच आहेत.