प्रभुभोजनाच्या मनुका

बाबा, काल खांडबाऱ्याला एका लग्नात माझी लहानपणची मैत्रीण भेटली. आता आम्ही दोघी काठी टेकत चालणाऱ्या. तिनं जेवता जेवता एक गोष्ट सांगितली, आणि माझा घास हातातच राहिला. म्हणून हे लिहायला बसले.

आपल्या लहानपणच्या घरातला तो चैत्रातला रविवार. चर्चच्या तिमाही सभेला सुपरिंटेंडंट साहेब गाडीनं येणार होते, आणि तुम्हाला पाळक म्हणून खांडबाऱ्याच्या मंडळीत ठेवायचं की दुसरीकडे हलवायचं ते त्यांच्या शेऱ्यावर ठरायचं. आपल्या मेथॉडिस्ट रीतीत प्रभुभोजनाच्या पेल्यात दारू चालत नाही. मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळून त्यांचा रस घ्यायचा. काम आईचं, पण आई तापानं फणफणलेली. गुरुवारी तिनं अंथरुणातूनच विचारलं, "मनुका भिजाड्यात का वं?" मी हो म्हटलं. भिजवते कुठली! मी आणि मैत्रिणीनं मिळून त्या केव्हाच फस्त केल्या होत्या. मला रडू फुटलं तर ती म्हणते, "येडी का तू? आमच्या अंगणात मोहाची फुलं वाळत पडलीत. तीबी गोडच." ओंजळभर आणून दिली. मी भिजवली, झाकली, आणि उकळायचं साफ विसरले.

मैत्रिणीचा आजा म्हणजे पंचक्रोशीत मोहाची दारू गाळण्यात पटाईत. तुम्ही दोन वर्षं त्याच्या खाटेवर जाऊन बसलात, तेव्हा कुठं त्यानं गाळायची मडकी तुमच्यासमोर फोडली आणि बाप्तिस्मा घेतला. उपासनेत तो पहिल्या रांगेत बसायचा. एक घोट पोटात गेला की म्हातारा परत होता तिथं जाईल, ही धास्ती तुम्ही घरात कितीदा बोलून दाखवली होती.

रविवारी तुम्ही पेल्यावरचं पांढरं फडकं उचलता आणि तसेच थांबता. तीन दिवसांच्या उष्म्यात फुलांचं पाणी फसफसून आलेलं. वास माझ्या चटईपर्यंत येतो. म्हातारा मान वर करतो. तुम्ही फडकं परत टाकता आणि साहेबांच्या देखत म्हणता, "माझ्या घरी गफलत झाली. चूक माझी. आज पाण्यानंच प्रभूची आठवण करू." मग स्वतः विहिरीवर जाऊन पाणी शेंदून आणता. साहेब वहीत काहीतरी लिहितात.

घरी आल्यावर तुम्ही एकदाच विचारलंत, "बाय, काय झालं?" मी म्हटलं, "मनुका उन्हानं बिघडल्या." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि आईच्या कपाळावरची पट्टी बदलायला गेलात. वर्षाच्या सभेत नेमणुका वाचल्या तेव्हा तुमचं नाव परत खांडबाऱ्यालाच निघालं. सगळे हसले-बोलले. मी मात्र ते खोटं घेऊन म्हातारी झाले. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

काल मैत्रीण सांगते, त्याच दुपारी आजा तुमच्याकडे आला होता, तिचं बोट धरून. बाजाराच्या अहिराणीत म्हणाला, "पाळक, तुन्हा देवना पेलामा मन्हा मोहू कसा उना?" तुम्ही त्याचे दोन्ही हात धरलेत. म्हातारा खो खो हसायला लागला. "घाबरू नको. माले वास उना, तरी मी बठी ऱ्हायनू. आते समजनं, मन्ही दारू सुटी गयी." मरेपर्यंत त्यानं थेंब घेतला नाही म्हणे. निघताना तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, "माझ्या पोरीला बोलू नका. तिचं तिला सांगू द्या."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही वाट बघत होतात. आधी मला तुमचा रागच आला. परत एकदा विचारलं असतंत तर काय बिघडत होतं? पण हात धुवायला उठले तर अंग इतकं हलकं की काठी पाटापाशीच विसरले.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून आणखी एक लिहिते. तुम्हाला मातीत ठेवलं त्या दिवशी माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मंडळी म्हणाली, पाळकांची पोरगी खंबीर. कसली खंबीर, बाबा! मी भ्यायले होते, आता वर गेल्यावर तुम्हाला सगळं कळणार म्हणून. काल गाडीत बसल्यावर मी पोटभर रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, वडील.